सैल बंदांच्या चपला

पेन्यानेग्राच्या डोंगरात कुणा बाईला दिवस गेले की ती आधी सुइणीकडे जायची नाही, बेत्साबे पिराहोनकडे जायची. सुईण लागते शेवटच्या दिवशी. पाय रोज लागतात.

बेत्साबे वाखाच्या चपला करायची. घायपाताची पानं सोलून वाख काढायचा, धुऊन कुंपणावर सुकवायचा, त्याची वेणी घालायची आणि ती वेणी गोल गोल फिरवत दाभणाने शिवली की तळवा तयार. वर सुती दोऱ्याचं विणकाम, मागे टाचेला पट्टा आणि घोट्याभोवती गुंडाळायला काळा बंद. बोयाकाच्या त्या भागात तेव्हा सगळेच असल्या चपला घालत आणि करणाऱ्याही पुष्कळ होत्या. पण पोटुशीसाठी वेगळी चप्पल करणारी ती एकटीच.

हे ती कुठे शिकायला गेली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी तिला लेकीच्या, नीदियाच्या वेळी दिवस गेले, तेव्हा बटाट्याची काढणी चालू होती. सकाळपासून वाकून काम, आणि संध्याकाळी पाय असे फुगायचे की चपलेचा बंद मांसात रुतायचा. ती लाजेपायी बोलली नाही. घोट्याला जखम झाली, ती चिघळली आणि बाळंत होईपर्यंत बरी झाली नाही. सासूने एकदा पाय पाहिला आणि म्हणाली, "पोट पोराचं झालं गं, पण पाय अजून तुझेच आहेत. त्यांच्याकडे कोण बघणार, पाद्री?"

त्या वर्षी बेत्साबेने स्वतःसाठी पहिली सैल जोडी केली. तळवा अर्ध्या बोटाने रुंद, टाचेखाली पिंजलेल्या लोकरीची गादी, आणि अरुंद बंदाच्या जागी तीन बोटं रुंदीची मऊ पट्टी, सकाळी आवळायची आणि दुपारी सोडायची. शेजारणीने पाहिली, तिने मागितली. मग तिच्या बहिणीने. नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा नीदिया नऊ वर्षांची होती आणि घर या चपलांवरच चाललं होतं.

तिच्या ओसरीत एक बुटकं बाक होतं. बाई आली की आधी तिला त्यावर बसवायची, गुळाचं गरम पाणी हातात द्यायची आणि पाय कोमट मिठाच्या पाण्यात सोडायला लावायची. मग पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टाचांच्या भेगांत मेंढीची चरबी भरायची. सातव्या महिन्यानंतर बायकांना स्वतःची नखं कापता येत नाहीत, पोट मध्ये येतं. ती नखं बेत्साबे कापायची. कितीतरी बायकांच्या पायाला जन्मात दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नसे. त्या आधी पाय मागे ओढून घेत, मग हसत, आणि एखादी उगाच रडायला लागे.

"दोन्या बेत्साबे, असू द्या हो. घाण आहेत पाय." इथे वयाने मोठ्या बाईला दोन्या म्हणतात.

"घाण? तुझा नवरा बैलाच्या खुराला चरबी लावतो की नाही? तुझ्या टाचेला कधी लावली त्याने?"

"बैल नांगर ओढतो ना."

"आणि तू काय ओढत्येस, वारा? आण इकडे पाय."

माप ती दोरीने घ्यायची. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाला एकदा, घोट्याला एकदा, आणि जिथे दोरी मिळेल तिथे गाठ. तिसऱ्या महिन्यात एक गाठ, सहाव्यात दुसरी, आठव्यात तिसरी. बायका दुपारी यायच्या, चालून, पाय सुजलेले असताना. म्हणून माप दुपारचंच घ्यायचं, म्हणजे चप्पल कधीच आवळणार नाही. सगळ्यांना ती एकच सांगायची. "सूज येणारच. गरोदरपणात पायात पाणी उतरतं. दुपारी बटाट्याच्या पोत्यावर पाय टाकून पड, डाव्या कुशीवर नीज. कुणी काही बोललं तर सांग बेत्साबेने सांगितलंय."

कुणी बोललंच तर बेत्साबे बाजारात त्याला गाठायची. एकाला तिने चारचौघांत विचारलं होतं, "काय रे, बायकोला बसू देत नाहीस म्हणे. बसली की तुझं पोर आत तुटतं का?" त्यानंतर तो माणूस तिला पाहून रस्ता बदलायचा.

नीदिया आईच्या हाताखाली वाख विणता विणता मोठी झाली. सडपातळ, उंच, थोडी अबोल. चोविसाव्या वर्षी तिने आर्कादिओशी लग्न केलं. तो कोळशाच्या खाणीत जायचा, सरळ माणूस होता. त्याचं घर तासाभराच्या चालीवर, खिंडीच्या पलीकडे. वर्षभरात नीदियाला दिवस गेले आणि बेत्साबेने आयुष्यात केली नव्हती इतकी देखणी सैल जोडी केली. पांढऱ्या विणकामात निळ्या दोऱ्याची नक्षी.

सातव्या महिन्यात नीदिया ती घालून आली आणि बाकावर बसता बसता म्हणाली, "आई, चावते गं ही."

"चावते? महिन्यापूर्वीच तर दिली."

बेत्साबेने गेल्या मापाची दोरी लावली. दोन बोटं कमी पडली. ती हसली. "बापाचे पाय घेतलेस. त्याला बाजारात मापाची चप्पल मिळायची नाही." तिने त्या रात्री बसून दुसरी जोडी केली, अजून रुंद, आणि पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी नीदिया पुन्हा आली. या वेळी सकाळीच, दूधवाल्याच्या ट्रकवर बसून. चालवलं नाही म्हणाली. तिचा चेहरा फुगला होता. बेत्साबेला वाटलं, मुलगी भरली, अंग धरलं. लग्नातली अंगठी बोटात रुतली होती. नीदियाने साबण लावून काढायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही.

बेत्साबेने पाय मांडीवर घेतला आणि दोरी लावली. दोरी पुन्हा तोकडी. सकाळची वेळ. रात्रभर आडवं झाल्यावर पाय उतरायला हवा होता. हे तिच्या हाताला कळलं, पण हाताने मनाला सांगितलं नाही. पुढे आयुष्यभर तिला तो क्षण आठवायचा, गुडघ्यावरचा तो जड पाय आणि दोरीची दोन टोकं, एकमेकांना न भेटलेली.

"नीट झोप लागत नाही वाटतं."

"डोकं दुखतं. परवापासून थांबतच नाही. मध्येच डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"ट्रकचा धूर खाऊन आलीस. थांब, पुदिन्याचं पाणी देते."

नीदियाने पाणी प्यायलं, उलटलं. मग भिंतीला टेकून बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "आई, मी दोन दिवस इथेच राहू का?"

बेत्साबे तेव्हा तिसऱ्या जोडीचा तळवा शिवत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "राहिली असतीस गं. पण आर्कादिओ खाणीतून दमून येतो, त्याला कोण बघेल? आणि तुझी सासू म्हणेल, आईच्या पदराआड लपायला गेली. मी एवढी जोडी पुरी करते, ती घाल. पायांना आराम पडला की डोकंही उतरतं."

दुपारी जोडी झाली, नीदियाने ती घातली, आणि खरंच म्हणाली, "बरं वाटतंय." मग परतीच्या ट्रकमध्ये बसली. बेत्साबेने तिला खालून हात देऊन चढवलं होतं. तो हात फार गरम होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आर्कादिओचा चुलतभाऊ धावत आला. नीदियाला झटके येत होते, तोंडाला फेस होता. बेत्साबे खिंडीपर्यंत पोचली तोवर त्यांनी तिला खालच्या शहरात नेलंही होतं. ती मागून गेली, दोन ट्रक बदलत. दवाखान्यात पोट फाडून मूल काढलं होतं. मुलगी, एवढीशी, चिमणीसारखी, पण जिवंत. नीदिया शुद्धीवर आली नाही. बुधवारी दुपारी ती गेली.

घरी आणून तिला नेसवताना शेजारीण त्रिनिदादने कोपऱ्यातली नवी जोडी उचलली. मेलेल्याला अनवाणी पाठवत नाहीत. बेत्साबेने ती तिच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

"नको. आता तिला चावायला काही नको."

तिने नीदियाचे पाय स्वतःच्या शालीत गुंडाळले. अगदी सैल.

दफन झाल्यावर लोक पांगले तेव्हा आर्कादिओ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बेत्साबेला सोसलं असतं.

"तुम्ही तिचे पाय बघत होतात ना?" तो म्हणाला. "सगळ्या डोंगरातल्या बायकांचे पाय तुम्हाला कळतात. तीनदा चपला रुंद केल्यात. एकदाही विचारलं नाहीत, पाय का रुंद होतोय ते."

तो महिन्याभरात मुलीला घेऊन सोगामोसोला आपल्या बहिणीकडे राहायला गेला. मुलीचं नाव मारिएला ठेवल्याचं बेत्साबेला पाद्रीकडून कळलं.

बेत्साबेने गाठी मारलेल्या सगळ्या दोऱ्या चुलीत टाकल्या. बाक गोठ्यात नेऊन ठेवलं. ती आता बैलांचे कासरे वळायची, बटाट्यांसाठी पोती विणायची. कुणी पोटुशी दारात आली तर म्हणायची, "बाजारात रबरी चपला आल्यात. त्या घे." बायका समजून मागे फिरायच्या. कुणी तिला टोचून बोललं नाही. दोन वर्षं ती कुणाशी धड भांडलीही नाही. आणि बेत्साबे भांडत नाही म्हणजे काहीतरी फार बिघडलंय, एवढं गावाला कळत होतं.

मग शाळेच्या एका खोलीत आरोग्यकेंद्र सुरू झालं आणि लेओनोर नावाची परिचारिका आली. सव्वीस वर्षांची, शहरातली, थंडीने नाक सतत लाल. पहिले तीन महिने तिच्याकडे एकही गरोदर बाई फिरकली नाही. ज्या बायका दुसऱ्या दुखण्यासाठी आल्या त्या सांगायच्या, आम्ही पूर्वी दोन्या बेत्साबेकडे जायचो. म्हणून लेओनोर एके दुपारी तिच्या ओसरीत येऊन बसली.

"मी पाय बघत नाही आता," बेत्साबेने आल्या आल्या सांगितलं.

"ठाऊक आहे. मी तुमच्या मुलीबद्दल ऐकलंय. तुम्ही काय पाहिलंत, तेवढंच विचारायला आले."

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी सांत्वन केलं होतं, देवाची इच्छा म्हटलं होतं. काय पाहिलंत, असं कुणी विचारलं नव्हतं. कासरा वळता वळता बेत्साबेने सगळं सांगितलं. दोरी, सकाळची वेळ, चेहरा, अंगठी, काजवे. सांगून झाल्यावर तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"बोल, पोरी. मला माहीत करून घ्यायचंय."

लेओनोर हळूहळू बोलली. दुपारी येणारी आणि सकाळपर्यंत उतरणारी सूज बहुतेकींना येते, तिला पाय वर करून पडणं आणि सैल चप्पल हेच औषध. त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण सकाळीही न उतरणारी, एकदम वाढणारी, तोंडावर आणि बोटांवर चढणारी सूज वेगळी. तिच्याबरोबर डोकेदुखी आणि काजवे असले तर रक्ताचा दाब चढलेला असतो. मग चप्पल नाही, दवाखाना. त्याच दिवशी.

"त्या दिवशी मी तिला खाली नेली असती तर?"

लेओनोरने नाक पुसलं. "वाचलीच असती, असं सांगता येत नाही, दोन्या बेत्साबे. कधीकधी दवाखान्यातही जातात."

बेत्साबेने ते शब्द उराशी धरले. सांगता येत नाही. पुढचं वर्ष ती त्या तीन शब्दांवर जगली. पहाटे जाग आली की स्वतःला म्हणायची, सांगता येत नाही, आणि उठून चूल पेटवायची.

बाक गोठ्यातून परत आलं. पण आता रीत बदलली. बाईने सकाळी उठल्या उठल्या माप द्यायला यायचं, नाहीतर बेत्साबे तिच्या घरी जायची, अंधूक उजाडताना, घोंगडी पांघरून. सकाळची गाठ आणि दुपारची गाठ वेगळी. नडगीवर अंगठा दाबून बघायचं, खळगा किती वेळ राहतो. बोटातली अंगठी फिरवून बघायची. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काही येतं का, हे दर वेळी विचारायचं, बाई वैतागेपर्यंत.

"अहो, परवाच तर विचारलंत."

"परवा परवाचं झालं. आज सांग."

दुसऱ्या वर्षी वरच्या वाडीतल्या त्रान्सितोची सकाळची दोरी तोकडी पडली. आठवा महिना होता. बेत्साबेने अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. डोकं दुखतं का, विचारलं. त्रान्सितो म्हणाली, "थोडंसं. काल लोणी घुसळताना डोळ्यांपुढे चमकलं."

बेत्साबेने तिच्या अंगावर घोंगडी टाकली आणि हाताला धरून बाहेर काढलं. त्रान्सितोची सासू दारात आडवी आली.

"कुठे नेताय तिला? गाईंच्या धारा काढायच्यात."

"तुम्ही काढा."

"पाय सुजले म्हणून कुणी दवाखान्यात जातं का? आम्हालाही सुजायचे. आणि तुम्ही कोण सांगणार? स्वतःची पोर…"

सासू तिथेच थांबली. बेत्साबेही थांबली. मग म्हणाली, "हो. म्हणूनच सांगते. बाजूला व्हा."

तिने रस्त्याच्या मधोमध उभं राहून दुधाचा ट्रक अडवला, कॅन उतरवायला लावून त्रान्सितोला आडवं निजवलं, लेओनोरला केंद्रातून उचललं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत गेली. आत मात्र गेली नाही. त्या पायऱ्या तिच्याने चढवल्या नाहीत. ती समोरच्या ओट्यावर बसून राहिली.

सहा आठवड्यांनी त्रान्सितो आली. काखेत कोंबडी, कडेवर मुलगा, गोंडस, रडका. "औषधाच्या सुया दिल्या, आठवडाभर निजवून ठेवलं, मग मोकळी केली," ती सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं म्हणून. अजून एक दिवस गेला असता तर दोघंही गेलो असतो. वेळेवर आणलं की बहुतेक वाचतातच म्हणाले."

बेत्साबेने मूल हातात घेतलं. त्याच्याकडे पाहिलं, वास घेतला आणि त्याला परत आईकडे दिलं. मग घरात गेली आणि दार लावून घेतलं.

त्रान्सितोला आतून आवाज आला, आणि आधी तिला कळेना की तो माणसाचा आहे. नीदिया गेली तेव्हा बेत्साबे अशी रडली नव्हती. तेव्हा ते आभाळातून कोसळलं होतं, वीज पडावी तसं, आणि विजेशी कोण भांडणार. गेलं वर्षभर ते सांगता येत नाही असं होतं. आता ते सांगता येत होतं. एक दोरी, एक सकाळ, एक दुधाचा ट्रक. एवढंच लागत होतं. आणि त्या सकाळी ट्रक दारात उभा होता. नीदिया त्यातूनच उतरली होती आणि त्यातच परत चढली होती. राहू का, म्हणाली होती.

त्रान्सितो ओसरीत बसून राहिली. मुलाला पाजलं, कोंबडी बाकाच्या पायाला बांधली. खूप वेळाने दार उघडलं. बेत्साबेचे डोळे मिटल्यासारखे झाले होते.

"मी काही वावगं बोलले का?" त्रान्सितोने विचारलं.

"नाही. चांगलं झालं आलीस. पाय दाखव."

"आता कशाला? आता तर झालं सगळं."

"झालं नाही. बाळंतपणानंतर पाय पहिल्यासारखा होत नाही. अर्धं बोट वाढलेला राहतो. तुझ्या जुन्या चपला तुला होणार नाहीत, घालू नकोस. दाखव."

त्यानंतर तिने तेवीस वर्षं पाय पाहिले. अशा चार बायका खाली धाडल्या. तिघी मूल घेऊन परत आल्या. चौथीचं मूल गेलं, ती वाचली. दर वेळी कुणी मूल दाखवायला आणलं की बेत्साबे हसायची, आशीर्वाद द्यायची, आणि त्या दिवशी जेवायची नाही. गावाला तेही ठाऊक झालं होतं. त्या दिवशी त्रिनिदाद न विचारता रस्सा घेऊन यायची आणि झाकून ठेवून जायची.

मारिएला एकदा आली. अकरा वर्षांची झाली होती. आर्कादिओ एका लग्नासाठी डोंगरात आला होता आणि तिला सोबत घेऊन दारात उभा राहिला. त्याचे केस पिकले होते. "म्हटलं, बघू दे हिला," एवढंच तो म्हणाला. मुलीच्या पायात शहरी बूट होते, चकचकीत, काळे. उंच होती, अबोल होती. बेत्साबेने तिच्यासमोर दुधातला अंड्याचा रस्सा ठेवला, वरून कोथिंबीर घातली.

"आवडला का, बाळा?"

"हो, बाई. आभारी आहे."

बाई म्हणाली, आजी नव्हे. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचा काय दोष. बेत्साबेने आणखी एक पळी वाढली. तिला म्हणायचं होतं की तुझी आई असाच वाडगा दोन्ही हातांनी धरायची. पण आर्कादिओ समोर होता, आणि तिचं नाव त्याच्यासमोर काढायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला अकरा वर्षांतही ठरवता आलं नव्हतं. जाताना आर्कादिओने दारात टोपी हातात घेतली. काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "त्रान्सितोचं कळलं होतं मला. तेव्हाच." मग टोपी डोक्यावर ठेवली. ते ऐकून तिला बरं वाटावं की वाईट, हे तिला समजलं नाही.

बस वळणाआड गेली तरी ती रस्त्यावर उभी होती. ओसरीत खिंडीपलीकडची एक बाई, पहिलटकरीण, मघापासून पाण्यात पाय सोडून बसली होती.

"दोन्या बेत्साबे," तिने हाक मारली, "पाणी गार झालं हो."

"आले," बेत्साबे म्हणाली, आणि चुलीवरचं आधण घ्यायला आत गेली.